जुना टाटा-मर्सिडीज घ्यावा की लेलँड कॉमेट? नाशकात ट्रक जपू पाहणाऱ्यांसाठी

लासलगावचा कांदा आणि पिंपळगावची द्राक्षं कसारा घाट उतरून मुंबईला नेली ती बॉनेट पुढे असलेल्या जुन्या ट्रकांनी. आजोबांची गाडी शेडमध्ये गंजत पडलेली किंवा एखाद्या भंगारवाल्याकडे पाहून ठेवलेली, आणि ती पुन्हा उभी करावी असं मनात घोळतंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. पहिल्यांदा हात घालणार असाल तर टाटा-मर्सिडीज घ्या. मला स्वतःला कॉमेट जास्त आवडते, पण ती दुसरी गाडी म्हणून घ्यावी.

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, जमशेदपूरला 1945 मध्ये सुरू झाली आणि 1954 मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मन डाइम्लर-बेंझशी 15 वर्षांचा करार झाला. 1969 मध्ये तो संपला, बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला आणि त्या जागी टाटांचा ‘टी’ आला. गाडीचं रूप मात्र पुढेही बराच काळ जवळपास तेच राहिलं. म्हणून ताऱ्याला भुलून जास्त पैसे मोजू नका. तारा बाजारात वेगळाही मिळतो आणि दोन स्क्रूंवर बसतो. गाडीचं वय चेसिस नंबर, इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचं उत्पादन वर्ष या तिघांवरूनच ठरवा.

टाटाच्या मॉडेलच्या आकड्यांत अर्थ असतो, तो समजला की अर्धं काम सोपं होतं. 1210 म्हणजे मालासकट साधारण 12 टन वजनाची आणि 100 च्या आसपास अश्वशक्तीची गाडी. इंजिनाचंही तसंच. 692 म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), 697 म्हणजे सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा. 697 इतकी वर्षं आणि इतक्या गाड्यांत चाललं की लायनर-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट शोधायला अजून वणवण करावी लागत नाही, आणि ते डोळे मिटून खोलणारा एखादा वयस्क मिस्त्री द्वारका ते आडगाव पट्ट्यात सापडतोच. 692 चं सामान त्या मानाने कमी मिळतं. करारातल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांत 4.6 लिटरचं, प्री-चेंबरचं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं असं) जर्मन रचनेचं इंजिन होतं. ते मूळ रूपात चालू स्थितीत मिळालं तर घ्याच. आधीच्या कुणी काढून तिथे 697 बसवलं असेल, तर आरसीवर इंजिनबदलाची नोंद आहे का ते पाहा. नोंद नसेल तर ती गाडी रस्त्यावर आणताना अडकेल.

लेलँडची गोष्ट मद्रासजवळच्या एन्नोरची. 1948 मध्ये अशोक मोटर्स ऑस्टिन मोटारी जुळवण्यासाठी निघाली, 1950 मध्ये ब्रिटनच्या लेलँडशी करार झाला आणि 1955 मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं. कॉमेट ही त्या काळातली तिची ओळख. तिच्या इंजिनाचा भरदार, सावकाश आवाज एकदा कानात बसला की दुसरा आवाज फिका वाटतो. ही गाडी चालवायला शिकावी लागते. डबल क्लच केल्याशिवाय, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबल्याशिवाय, गिअर नीट पडत नाही, आणि इंजिनाचे फेरे कानाने ओळखता आले की हात आपोआप जागेवर जातो. ज्याला चालवण्यात रस आहे, नुसती उभी करून दाखवण्यात नाही, त्याला टाटापेक्षा ही गाडी जास्त देते.

मग आधी टाटा का? एक कारण पान्यांचं. टाटा जर्मन वळणाची, तिला मिलिमीटरचे पाने लागतात. जुनी लेलँड इंग्रजी वळणाची, तिचे नटबोल्ट इंचाचे. गेल्या कित्येक वर्षांत कुणीतरी घाईत इंचाच्या आट्यात मिलिमीटरचा बोल्ट दामटलेला असतोच, आणि मग प्रत्येक आटा लेथवर नेऊन दुरुस्त करण्यात महिने जातात. इंचाचा पूर्ण संच आणि धीर, दोन्ही जवळ हवेत. दुसरं कारण सामानाचं. टाटाचं बरंचसं सामान नाशकातच मिळतं, उरलेलं कुर्ल्याच्या बाजारात. कॉमेटसाठी दक्षिणेत जावं लागतं, चेन्नईचा पुदुपेटचा जुन्या सुट्या भागांचा बाजार त्यासाठी धुंडाळावा. जाऊन-येऊन खर्च होतो, पण मिळालेला भाग अस्सल असण्याची शक्यता बरी असते.

दोघींनाही लागू असलेल्या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. कारखान्यातून जी ब्रेकपद्धत आली ती पूर्ण खोलून नवी करा, कारण कसारा घाटात माल नसतानाही इतक्या वजनाच्या लोखंडाला ब्रेकचाच भरवसा असतो. आणि टायर. पुढे दोन, मागे चार आणि एक स्टेपनी असे सात लागतात. जुन्या 20 इंची रिमला लॉक रिंग, म्हणजे टायर जागेवर धरणारी लोखंडी कडी, असते. ती गंजलेली किंवा वाकलेली असेल तर हवा भरताना उडून माणसाचा जीव घेऊ शकते. रिंग बदला आणि हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरा.

फार्गो आणि डॉज हे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कुर्ल्यातले ट्रक, एकाच गाडीची दोन नावं. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना मद्रासच्या सिम्प्सनने बनवलेलं पर्किन्स पी-6 डिझेल इंजिन होतं. गोल नाकाची, फार देखणी गाडी. पण निफाडच्या जानेवारीत ती पहाटे सुरू करायची म्हणजे हीटर प्लग आणि बॅटरी ठणठणीत हव्यात, आणि इंजिनाचे मोठे भाग मिळवणं कठीण. घरचीच असेल तर जरूर जपा, शोधून विकत घेऊ नका.

शक्तिमान या लष्करी ट्रकचं वेड नाशकात समजण्यासारखं आहे. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे ती गाडी इथे पिढ्यांनी पाहिलीय. जर्मन एमएएनच्या परवान्यावर ती जबलपूरला बनत असे आणि चारही चाकांना जोर देता येतो. लिलावातून आलेली असेल तर विक्रीपत्र आणि गाडी सोडल्याचा लष्कराचा रिलीजचा कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कागदांवरून सर्वांत जास्त गैरसमज आहे. 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली, ‘व्हीए’ मालिकेचे नंबर दिले. ती सोय बिगर-व्यावसायिक दुचाकी आणि चारचाकी प्रवासी गाड्यांसाठी आहे. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. त्यामुळे तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, मालवाहू म्हणून नोंदणी जिवंत ठेवून दर वर्षी आरटीओकडून फिटनेस तपासणी करून घेणं. 15 वर्षांवरच्या जड गाडीचं हे शुल्क 2022 पासून खूप वाढलंय, ते हिशोबात धरा. दोन, गाडी स्वतःच्या आवारात ठेवणं आणि जुन्या गाड्यांच्या मेळ्याला ट्रेलरवर नेणं. सौद्याआधी आरसीची प्रत घेऊन पेठ रोडच्या आरटीओत चेसिस नंबर पडताळून घ्या. नंबर जुळत नसेल तर गाडी कितीही सुंदर असो, सोडून द्या.

शेवटी हौदा आणि रंग. त्या काळी कंपनी चेसिस द्यायची आणि केबिन-हौदा गावातले सुतार-लोहार बांधायचे, म्हणून ‘मूळ केबिन’ असा एकच नमुना शोधत बसू नका. तुमच्या गाडीची केबिन नाशिक-मालेगावकडे कुणी बांधली असेल तर तीच तिची मूळ. फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या फळीवर, ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवायची इच्छा सगळ्यांना होते. महाराष्ट्रात 2015 पासून त्यावर बंदी आहे, तेव्हा रस्त्यावर काढायची गाडी असेल तर ती ओळ टाळा. सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज काढायला, देण्याआधी मात्र दारं आणि फाळक्यावरचा वरचा रंग हाताने हळूहळू खरवडा. खाली जुन्या मालकाचं नाव, गाव, एखादं देवाचं चित्र निघतं. प्रत्येक थराचे मोजमापासकट फोटो काढा, अक्षरांची पातळ कागदावर नक्कल उतरवून घ्या, आणि ती पेंटरच्या हातात दिल्यावरच लोखंड उघडं करू द्या.