१९९२ चे दोन सेराती: आधी 'कोलोरेस सान्तोस' की 'दिनामो'?

'दे मुसिका लिहेरा' ऐकून सोदा स्तेरेओच्या नादी लागलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता काय ऐकू? ते गाणं १९९० च्या 'कान्सिओन आनिमाल'मधलं. त्यानंतर दोनच वर्षांनी या अर्जेंटिनी बँडचा गायक-गिटारवादक गुस्तावो सेराती एकाच वर्षात दोन अल्बमांवर दिसतो. एक दानिएल मेलेरोसोबतचा 'कोलोरेस सान्तोस', दुसरा बँडचा 'दिनामो'. दोन्ही आवडणारे भेटतात, पण आधी कुठला ऐकला यावर बरंच अवलंबून असतं, असं माझं मत.

मेलेरो हा कुणी ऐनवेळी धरून आणलेला पाहुणा नव्हे. ऐंशीच्या दशकात ब्युनोस आयरेसमध्ये सिंथेसायझर घेऊन उभा राहिलेला हा माणूस, लोस एनकार्गादोस या बँडचा म्होरक्या. सोदा स्तेरेओच्या १९८४ च्या पहिल्याच अल्बमवरचं 'त्रातामे सुआवेमेन्ते' हे गाणं मूळ त्याचं. 'कान्सिओन आनिमाल'च्या गाण्यांतही त्याचा हात होता, आणि 'दिनामो'वर कीबोर्डला तोच आहे. त्यामुळे हे दोन अल्बम एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत, एकाच घरातले दोन स्वभाव आहेत.

'कोलोरेस सान्तोस'मध्ये सॅम्पलर (आवाजाचे तुकडे टिपून हवे तसे वाजवणारं यंत्र), लूप (पुन्हापुन्हा फिरणारे तेच तुकडे) आणि सिंथेसायझर हाच पाया. गिटार आहे, पण मालकासारखी नाही. येते, रंग भरते, बाजूला होते. 'वुएल्ता पोर एल उनिवेर्सो' घ्या. ताल जागच्या जागी फिरत राहतो आणि सेरातीचा आवाज त्यावर तरंगतो. मोकळ्या जागा भरपूर, म्हणून शब्द सुटे ऐकू येतात. स्पॅनिश शिकणाऱ्याला हा मोठाच फायदा. ('ओय या नो सोय यो', म्हणजे 'आज मी मी राहिलो नाही', हे एका गाण्याचं नाव ब्युनोस आयरेसचा माणूस बोलताना 'ओय शा नो सोय शो' असं म्हणेल. पुस्तकातलं स्पॅनिश तिथे लंगडं पडतं.) खोट एकच: सलग ऐकताना मधला भाग जरा सैल वाटतो. दोन मित्र स्टुडिओत खेळताहेत आणि आपण दाराशी उभे आहोत, असं काही वेळा होतं.

'दिनामो'त दाराशी उभं राहायची सोयच नाही. इथे गिटारींवर गिटारी चढवलेल्या, त्या काळच्या ब्रिटिश शूगेझ (गिटारींच्या दाट गोंगाटाची रॉक शैली) बँडांसारख्या, आणि आवाज मुद्दाम त्या गोंगाटात बुडवलेला. 'प्रिमावेरा सेरो' किंवा 'एन रेमोलिनोस' हळू आवाजात लावलीत तर नुसती घरघर ऐकू येईल. 'कान्सिओन आनिमाल'वर खूश असलेला श्रोता तेव्हा चक्रावला, विक्रीही मागे राहिली. आज मात्र बँडचा सर्वात धाडसी अल्बम म्हणून याचंच नाव घेतलं जातं, आणि मला ते पटतं.

आपल्या कानांसाठी इथे एक गंमतही आहे. 'स्वीट साउमेरिओ' या गाण्यात चक्क सतार आणि तबला आहे. 'साउमेरिओ' म्हणजे धूप. रागाची अपेक्षा ठेवू नका; सतार इथे धुरासारखीच वापरली आहे. शास्त्रीय ऐकणाऱ्याला खटकेल, मला आवडलं.

मग निवड? 'दे मुसिका लिहेरा'मधली गिटार आवडली म्हणून आला असाल तर 'दिनामो', आणि पहिल्या ऐकण्यात निकाल देऊ नका. इलेक्ट्रॉनिक संगीताची आवड असेल, किंवा सेरातीचा १९९९ चा 'बोकानादा' आधीच ऐकून झाला असेल, तर बिनदिक्कत 'कोलोरेस सान्तोस'. 'बोकानादा'तल्या सॅम्पलिंगची बीजं इथे कच्च्या रूपात सापडतात. आणि तुम्ही दोन्हींतले नसाल, तरी मी 'कोलोरेस सान्तोस'च आधी हातात देईन, कारण त्याला कानांची तयारी लागत नाही. तो रात्री, हेडफोन लावून. 'दिनामो' रविवारी दुपारी, शेजारी गावाला गेले असतील तेव्हा.