मध्य रेल्वेची फास्ट लोकल: थांबे, रूळ आणि ‘सेमी’चा घोळ

मध्य रेल्वेच्या मेन लाइनवर ‘फास्ट’ हा शब्द गाडी कुठल्या रुळावरून धावणार ते सांगतो. ती कुठेकुठे थांबणार, हे त्यावरून अर्धंच कळतं. हा फरक ध्यानात नसलेला माणूस भांडुपला उतरायचं म्हणून चढतो आणि गाडी थेट ठाण्याला नेऊन सोडते. म्हणून या सेवेचा आढावा वेगापासून न घेता थांब्यांपासून घ्यायला हवा.

सीएसएमटी ते कल्याण हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आणि दोन्ही टोकं धरून स्थानकं २६. रुळांच्या दोन जोड्या आहेत, पश्चिमेकडची स्लो आणि पूर्वेकडची फास्ट. फास्ट गाडीचे मूळ थांबे भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली आणि कल्याण. म्हणजे मधली १८ स्थानकं ती गाळते. स्लो गाडीला कल्याण गाठायला दीड तासाच्या आसपास लागतो, फास्टला एक तास पाच-दहा मिनिटं. भागाकार केला तर गाळलेल्या प्रत्येक स्थानकामागे साधारण सव्वा मिनिट वाचतं. त्यात गाडी उभी राहण्याची पंचवीस-तीस सेकंदं, आणि उरलेला वेळ ब्रेक मारण्यात नि पुन्हा वेग घेण्यात जाणारा.

हे सव्वा मिनिट लक्षात ठेवलं की गाडी बदलायची की नाही, याचा निर्णय फलाटावर उभ्या-उभ्या घेता येतो. नाहूरहून दादरला जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण घाटकोपरला उतरून फास्ट धरतात. घाटकोपर ते दादर या टप्प्यात फास्ट गाळते काय, तर विद्याविहार, शीव आणि माटुंगा. तीन स्थानकं, फार तर चार मिनिटं. तेवढी मिनिटं पूल चढण्या-उतरण्यातच जातात, वर गर्दीत उभं राहायला जागा नाही. नाहूर, कांजूर, विक्रोळीच्या माणसानं दादरसाठी स्लोमध्येच बसून राहावं. कळव्याचा हिशोब वेगळा. ठाण्याला बदललं तर दादरपर्यंत आठ स्थानकं गळतात, म्हणजे दहा मिनिटं हाती. सीएसएमटीपर्यंत जायचं असेल तर तेरा गळतात आणि पाऊण एक डबा चालून पूल ओलांडण्याचे कष्ट वसूल होतात. ठाण्यात फास्टचे फलाट ५ आणि ६. स्लोमधून उतरताना पुलाच्या जिन्याजवळचा डबा धरलेला असला की ही बदली जमते.

आता मधले थांबे. विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड इथे फास्ट रुळांवर फलाट आहेत, त्यामुळे काही फास्ट गाड्या तिथे थांबतात आणि काही सरळ निघून जातात. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे फास्ट रुळाला फलाटच नाही. मशीद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड यांचंही तेच. तिथे फास्ट थांबवा अशी मागणी कितीही रास्त असली तरी आधी फलाट बांधावा लागेल, आणि तो बांधायला दोन रुळांच्या मधे जागा हवी. दिव्याचं उदाहरण याच कारणासाठी महत्त्वाचं आहे. जानेवारी २०१५ मध्ये तिथे प्रवाशांचा मोठा उद्रेक झाला. पण फास्ट गाड्यांचा थांबा मिळायला डिसेंबर २०१६ उजाडलं, कारण आधी फलाट आणि रुळांचं काम उरकायचं होतं. ५ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या वेळापत्रकात कळवा आणि मुंब्र्यालाही गर्दीच्या वेळी मोजक्या फास्टचे थांबे मिळाले. मोजक्या म्हणजे खरोखरच मोजक्या. त्यांच्या भरवशावर ऑफिसची वेळ ठरवू नये.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘सेमी-फास्ट’चा. ही गाडी सीएसएमटीहून ठाण्यापर्यंत फास्ट रुळावर येते आणि पुढे स्लो रुळावर जाऊन कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर असं सगळं घेत कल्याण गाठते. प्रवाशाच्या सोयीची म्हणावी तर ही उत्तम रचना आहे. लांबच्या टप्प्यात वेग मिळतो आणि घराजवळ दारात उतरता येतं. मग अशा गाड्या वाढवत का नाहीत? उत्तर रुळांच्या क्रमात आहे. मुंबईहून निघताना डावीकडून पहिला डाउन (मुंबईहून बाहेर जाणारा) स्लो, मग अप (मुंबईकडे येणारा) स्लो, मग डाउन फास्ट, शेवटी अप फास्ट. डाउन फास्टवरची गाडी डाउन स्लोवर न्यायची तर तिला मधला अप स्लो आडवा कापावा लागतो. ती बारा डब्यांची गाडी क्रॉसओव्हरवरून वेग कमी करून सरकत असते तेवढा वेळ मुंबईकडे येणाऱ्या स्लोला लाल सिग्नल. गर्दीच्या वेळी गाड्या तीन-चार मिनिटांच्या अंतरानं धावतात, त्यामुळे एक सेमी-फास्ट चार मिनिटं उशिरा आली की तिचा फटका समोरच्या दिशेच्या दोन-तीन गाड्यांना बसतो. उलट दिशेनं अप स्लोवरून अप फास्टवर येणारी गाडी डाउन फास्ट कापते. संध्याकाळी ठाण्याच्या अलीकडे गाडी विनाकारण उभी आहे असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं.

कल्याणपुढे फास्ट-स्लो हा भेदच संपतो. कर्जत आणि कसारा या दोन्ही बाजूंना लोकल, मेल आणि मालगाड्या मुख्यतः एकाच जोडीवरून धावतात. बदलापूर फास्ट विठ्ठलवाडीला थांबते, उल्हासनगरला थांबते, अंबरनाथला थांबते. कसारा फास्ट शहाडपासून सगळं घेते. वांगणी, शेलू, आसनगाव, खर्डीच्या माणसासाठी म्हणूनच ‘फास्ट’ म्हणजे कल्याणपासून आतला लाभ. आणि त्याचा हा लाभ डोंबिवलीकर सकाळी कसा बघतो ते सांगायला नको. कर्जतहून भरून आलेल्या गाडीत डोंबिवलीला पाय ठेवायला फुटबोर्डही मिळत नाही. डोंबिवलीकरानं कल्याणहून सुटणारी फास्ट बघावी, ती निदान एकाच स्थानकाची गर्दी घेऊन येते.

पंधरा डब्यांची लोकल २०१२ पासून आहे. तिचे थांबे फलाटाच्या लांबीवर ठरतात. बारा डब्यांच्या फलाटावर ती उभी केली तर तीन डबे बाहेर राहतील. इंडिकेटरवर १५ दिसलं तर नेहमीच्या जागी उभं राहू नका, डब्यांच्या खुणा पुढे-मागे सरकलेल्या असतात.

इंडिकेटर हा या सेवेतला सर्वात कच्चा दुवा आहे. जुन्या पद्धतीच्या पाटीवर कर्जतसाठी ‘एस’, कसाऱ्यासाठी ‘एन’, आणि शेजारच्या चौकटीत स्लोसाठी पुन्हा ‘एस’! पहिल्या चौकटीत ठिकाण आणि दुसऱ्या चौकटीत वेग, हे ठाऊक नसलेला माणूस फसणारच. मुलुंडला थांबणारी फास्ट आणि न थांबणारी फास्ट, दोन्हींसमोर अक्षर एकच. खरे थांबे उद्घोषणेतून कळतात, आणि ती गर्दीत ऐकू येतेच असं नाही. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, दिवा ही चार नावं पाटीवर सरकत्या अक्षरांत दाखवली तरी निम्मी चुकामूक थांबेल. याला मोठा खर्च नाही आणि जागाही लागत नाही.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचे थांबे वेगळ्याच कारणानं ठरतात. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक एक्स्प्रेस कर्जतला थांबतात, कारण बोरघाटाची चढण ३७ फुटांना एक फूट अशी आहे आणि मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडावी लागतात. ती लोणावळ्याला सुटतात. नाशिककडे हेच काम कसारा आणि इगतपुरीला चालतं. या थांब्यात फलाटावरचा वडा हातात पडेपर्यंत मागून इंजिनाचा हलका धक्का जाणवतो. तो बसला की दोन-चार मिनिटांत गाडी निघते असं समजावं. घाट उतरतानाही ठरलेल्या ठिकाणी गाडी उभी करावीच लागते. कॅच साइडिंगच्या, म्हणजे ताबा सुटलेली गाडी अडवायला बांधलेल्या चढत्या रुळाच्या, आधी ती थांबली, म्हणजे ताब्यात आहे, अशी खात्री पटल्यावरच पुढचा मार्ग मिळतो. वंदे भारतला बँकर लागत नाही, त्यामुळे तिचे थांबे घाटानं ठरवलेले नाहीत. १० फेब्रुवारी २०२३ ला दोन गाड्या सुरू झाल्या तेव्हा सोलापूरच्या गाडीला कल्याण दिलं आणि शिर्डीच्या गाडीला ठाणे.

शेवटी रविवार. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी रूळ बंद ठेवणं) सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो, पण वळवलेल्या गाड्या सीएसएमटीहून त्याआधीच सुटलेल्या असतात. ब्लॉक फास्ट रुळांवर असेल तर फास्ट गाड्या स्लो रुळावर येतात, आपापले ठरलेले थांबे घेतात, आणि पुढच्या स्लोच्या मागे रखडत पंधराएक मिनिटं उशिरा पोचतात. त्या दिवशी फास्टसाठी पूल ओलांडू नये. ब्लॉक स्लो रुळांवर असेल तर स्लो गाड्या फास्ट रुळावर जातात आणि शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड एवढेच थांबे घेतात. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर त्या पाच तासांत बंद धरावीत. विद्याविहारवाल्यानं घाटकोपर किंवा कुर्ला गाठावं, कांजूरवाल्यानं विक्रोळी किंवा भांडुप, नाहूरवाल्यानं भांडुप किंवा मुलुंड. तिथून रिक्षा मिळते. बातमीत ‘अप धीमा’ लिहिलंय की ‘डाउन जलद’ एवढं शनिवारी रात्री वाचून ठेवायचं.