भट्टीचे लेप: नऊ महिने आणि ३७ भाजण्यांनंतर

आषाढात भट्टीला आतून लेप लावायला घेतला तेव्हा डोक्यात एकच होतं, गॅस वाचला पाहिजे. आमचं गाव भद्रावतीजवळ. घरी दोन भट्ट्या आहेत. एक बाबांची जुनी विटांची, पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळक्या काड्यांवर) आणि जळतणाच्या लाकडावर चालणारी. तिच्यात माठ, पणत्या आणि तान्ह्या पोळ्याचे बैल भाजतो. दुसरी माझी छोटी गॅसची, १२०० अंशांपर्यंत नेतो ती, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, दिलेल्या कप-वाडग्यांसाठी. आता फाल्गुन संपत आला, माठांची घाई सुरू झाली. त्याआधी नऊ महिन्यांचा हिशेब लिहून टाकतो, कारण मी हे सगळं विचारायला फिरलो तेव्हा प्रत्येकाने वेगळं सांगितलं आणि तोलून कोणीच पाहिलं नव्हतं.

पहिले महागाचा डबा. झिरकॉनचा पांढरा लेप, उष्णता परत आत फेकतो म्हणतात. विकणाऱ्याने ३० टक्के गॅस वाचेल असं सांगितलं. डब्याच्या किमतीत भट्टीत माल मांडायच्या माझ्या तीन नव्या लाद्या आल्या असत्या, तरी घेतला. भट्टीचं छत सिरॅमिक फायबरच्या गादीचं आहे आणि भिंती हलक्या विटांच्या. दोन्हींवर लावला. शेजारच्या काकाजींनी पाहिलं आणि म्हणाले, "बाबू, दाराच्या फटीतून जाळ बाहेर येऊन राहिला, तो तं पाह्य पहिले." तेव्हा मी ऐकलं नाही.

सिलिंडर प्रत्येक भाजणीच्या आधी आणि नंतर कापूस तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला. लेपाआधी एका भाजणीला १७ ते १७.५ किलो गॅस लागायचा. लेपानंतर १६.५ च्या आसपास. मग दिवाळीआधी दाराच्या फटी फायबरच्या पट्ट्यांनी आणि फायर क्लेने, म्हणजे ताप सोसणाऱ्या मातीने, बुजवल्या, तर आकडा १५ च्या खाली आला. माल तेवढाच, कोनही (ठरलेल्या तापाला वाकणारा मातीचा सुळका) तोच. म्हणजे डब्यापेक्षा फटींनी जास्त वाचवलं, आणि त्याला खर्च जवळपास नव्हताच.

तरी डबा वाया गेला असं मी म्हणणार नाही. छताच्या गादीवर त्याने फार चांगलं काम केलं. आधी गादीचे बारीक पांढरे तंतू सुटून ओल्या ग्लेझवर पडायचे, कपाच्या कडेला खरखर लागायची. लेप बसल्यावर छत कडक झालं, बोट फिरवलं तर अंड्याच्या टरफलासारखं लागतं, आणि अजून एकही तंतू मालावर दिसलेला नाही. ते तंतू छातीतही जातात, म्हणून एवढ्यासाठीच मी छताला लेप पुन्हा लावेन.

भिंतींवर मात्र फसला. पोळ्याच्या आठवड्यात, हवेत ओल भरलेली असताना, सहावी भाजणी उघडली तर डाव्या भिंतीचे पोपडे सुटून खालच्या २२ वाडग्यांत पडलेले. ग्लेझ वितळलेलं, त्यात पांढरे तुकडे रुतलेले. घासून निघाले नाहीत. सगळा माल गेला. चूक माझीही आहे: विटांवरची जुनी धूळ नीट झाडली नव्हती, पाणी न मारता लेप चोपडला आणि तोही जाड. विकणाऱ्याने फोनवर फक्त "पुन्हा लावा" सांगितलं. मी खरवडून काढला, परत लावला नाही.

आता लाद्यांचा लेप, ज्यावर माझा खरा जीव आहे. ग्लेझ ओघळून लादीला चिकटलं की कप तर जातोच, पण लादीचा पापुद्राही निघतो. एक गावठी उपाय सगळे करतात, चायना क्ले या पांढऱ्या मातीत क्वार्ट्झची (गारगोटीची) पूड घालून चोपडणं. स्वस्त आहे, पण ग्लेझ स्वतः काच आहे आणि क्वार्ट्झ काचेतच विरतो. थेंब पडला की लेप आणि ग्लेझ एकजीव होतात. अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) तसा सहज विरत नाही. २००० अंशांच्या वर वितळणारी वस्तू आहे ती, आमच्या भट्टीत तिला काही होत नाही.

माझं माप: अ‍ॅल्युमिना हायड्रेट (त्याचीच पाणी बांधलेली पूड) अर्धं, चायना क्ले अर्धी, वजनाने. त्यातली निम्मी चायना क्ले आधी कच्च्या भाजणीत (ग्लेझ देण्याआधीची पहिली भाजणी) एका वाडग्यात ठेवून भाजून घेतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कच्च्या चायना क्लेत बांधलेलं पाणी असतं, भाजताना तिचं वजन १४ टक्क्यांच्या आसपास घटतं, ती आकसते आणि लेपाला भेगा जातात. निम्मी भाजून घातली की पोपडे थांबतात. पातळ दह्याएवढं कालवायचं, लादीवर ओला स्पंज फिरवायचा आणि ब्रशने तीन पातळ हात, एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा. फक्त वरच्या बाजूला. खालून लावला तर तो खालच्या मालावर गळतो. कडेला बोटभर जागा कोरी सोडायची. नंतर दोन दिवस उन्हात वाळवायच्या, पावसाळ्यात चुलीजवळ. ओली लादी घाईने तापवली तर तडकते.

मागच्या महिन्यात एका घोटीव निळ्या ग्लेझचा मोठा थेंब खाली आला, चिंचोक्याएवढा. करणीचं टोक लावून हलकेच टकटक केलं, तर तो पांढऱ्या भुकटीसकट उडून हातात आला, आणि खालची लादी जशीच्या तशी काळी, स्वच्छ. सात लाद्यांपैकी एकही नऊ महिन्यांत गेलेली नाही. आधी वर्षाला दोन-तीन जायच्या.

जुन्या भट्टीचं दुखणं वेगळं. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश आणि चुना भरपूर, तोंडाजवळच्या विटांवर ती बसून हिरवट काच धरते आणि वीट खाते. तिथे झिरकॉनचा डबा लावून पैसे घालवू नका. मी अ‍ॅल्युमिना जास्त आणि चायना क्ले कमी असा जाड लेप तोंडाच्या विटांना लावतो, दर चार-पाच भाजण्यांनी पुन्हा. विटा वाचतात, काच मात्र थोडी धरतेच. बाहेरून आई शेणामातीचा भुसा घातलेला लेप देते, तो कशानेही बदलू नये. बाहेरच्या तापाला तो पुरतो आणि भेगा बुजवतो.

दोन गोष्टी जपा. जुना लेप खरवडताना नाकावर चांगला मास्क आणि लादी ओली हवीच; क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसात बसली की निघत नाही. आणि विजेची भट्टी असेल तर कॉइलवर लेपाचा थेंबही नको. ती तार तापताना स्वतःवर अ‍ॅल्युमिनाचं पातळ कवच धरते, त्यावर दुसरं काही नको असतं.

पुढच्या आषाढाच्या आत मला फक्त पाच किलो अ‍ॅल्युमिना आणायचा आहे. डब्यात जो लेप उरलाय तो छताच्या डागडुजीला वर्षभर पुरेल. काकाजींना काल गॅसचे आकडे दाखवले. ते काट्याकडे पाहून म्हणाले, "आता लाकडाच्या भट्टीचं दारही पाह्य न."