गिरगावातली पागडीची जागा आणि ती दाखवणारे काका : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात आम्ही गिरगावातल्या एका वाडीत पागडीची जागा घेतली, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने राहायचा हक्क घेतला, मालकी घरमालकाचीच. दुसरा मजला, लाकडी सांगाडा, वर मंगळुरी कौलं, १९४० च्या आधीची म्हणजे 'अ' वर्गातली उपकरप्राप्त इमारत (जिच्यावर दुरुस्तीसाठी उपकर भरावा लागतो ती). आता पावसाळाही झाला आणि थंडीही. अशी जागा घ्यावी का, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. ज्या इस्टेट एजंटनी ती मिळवून दिली, ते काका दिवाळीनंतर गेले. त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय या घराबद्दल लिहिता येणार नाही. घर आम्हाला वापरता येतंय ते त्यांच्यामुळे.

काकांचा जन्म गिरगावातला आणि धंदाही तिथलाच. जागा दाखवताना ते आधी दोष दाखवायचे. जिना उभा आहे, सासूबाईंना एकदा चढवून बघा, मगच पुढचं बोलू. मोरीच्या खालची तुळई मधे बदललेली आहे, ती इथून दिसते. पावसाळ्याआधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं, त्यात ही इमारत नाही हे त्यांनी स्वतः बघून ठेवलं होतं. पागडीला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता आहे, तरीही लोक अजून तोंडी व्यवहार करतात. काकांनी ते होऊ दिलं नाही. करार नोंदवून झाला, घरमालकाचा हिस्सा चेकने गेला, आमच्या नावाची भाडेपावती हातात आली आणि मगच शेवटचा हप्ता दिला. दलाली नेहमीचीच घेतली, एक पैसा जास्त नाही.

किल्लीबरोबर त्यांनी एक फाइल दिली. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते अशी फाइल द्यायचे, हे आम्हाला नंतर कळलं. त्यात मालमत्ता पत्रकाची प्रत, जुन्या भाडेपावत्यांच्या झेरॉक्स आणि त्यांच्या हातची वीसेक पानं होती. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह आहे. तिथे बसून त्यांनी या वाडीची जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते शोधलं होतं. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावं नुसती नावं नाहीत, इथे खरोखर बागा आणि मळे होते, हे ते नकाशावर बोट ठेवून सांगायचे. पण माझ्या मते फाइलीतला सगळ्यात मोलाचा भाग दुसराच आहे. घर कसं वापरायचं, हे त्यांनी लिहून ठेवलंय.

उदाहरणार्थ भिंत. जुलैत मागच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत ओली झाली. रंगाऱ्याने सांगितलं की खरवडून सिमेंटचा गिलावा करा, वरून वॉटरप्रूफिंगचा हात मारा. फाइलीत ठळक लिहिलेलं होतं : या भिंतीला सिमेंट लावायचं नाही. भिंत विटांची, जोडकाम आणि गिलावा चुन्याचा. चुना ओल घेतो आणि हवा लागली की सोडतो. वर सिमेंटचा थर दिला की ओल आतच कोंडते आणि भिंतीत बसवलेल्या लाकडी तुळयांची टोकं कुजायला लागतात. फोन केला तर काका भर पावसात जिना चढून आले. भिंतीवर हात फिरवून बघितला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावलं आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितलं. बाहेरून कौलाचं पन्हळ फुटलं होतं, ते तेवढं बदललं. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत आपोआप सुकली. मग चुन्याचं काम जाणणारा गवंडी फाइलीतल्याच नंबरवरून बोलावला. त्याने विरवलेला चुना आणून टवके भरले. थोडा डाग अजून दिसतो. मला तो चालतो.

फरशी नक्षीची आहे, हिरवी-तांबडी. या फरश्या भट्टीत भाजलेल्या नसतात. सिमेंटच्या लादीवर रंगाचा पातळ थर दाबून बसवलेला असतो. १९२२ साली भारत टाइल्स ही कंपनी स्वदेशीच्या भावनेतून सुरू झाली, तोवर अशा लाद्या परदेशातून यायच्या. आमच्या लाद्या कुठल्या, हे काकांनी ठामपणे लिहिलेलं नाही. खात्री नसेल ते ते लिहीतच नसत. सूचना मात्र स्पष्ट आहे : ॲसिड कधीही नाही, ते रंग खातं. साध्या साबणाच्या पाण्याने पुसते. आम्ही आलो तेव्हा मळकट दिसणारी फरशी आता छान उजळली आहे.

खिडक्यांच्या झडपा दुहेरी आहेत, वरच्या वेगळ्या, खालच्या वेगळ्या. दुपारी खालच्या बंद आणि वरच्या उघड्या ठेवायच्या. दारांवरच्या लाकडी जाळ्या पूर्वीच्या लोकांनी पुठ्ठे ठोकून बंद केल्या होत्या, त्याही मोकळ्या केल्या. गरम हवा वरून निघून जाते. मे महिन्यात आम्ही इथे झोपलो ते पंख्यावर. काकांचा एसीला सक्त विरोध होता, तो मात्र मला पटलेला नाही. सासूबाईंना दमा आहे, पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या एका खोलीत एसी बसेल. फक्त तो जाळी न कापता बसवणार आहोत.

काकांची आणखी एक पद्धत होती. सौदा झाला की नव्या भाडेकरूला रविवारी सकाळी परिसर फिरवून आणायचे. आम्हालाही नेलं. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी वसवलेल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळ ख्रिस्ती) कुटुंबांच्या घरांचे ओटे, बाहेरचे लाकडी जिने. मग केशवजी नाईकांची चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मुंबईने १९९५ साली वारसा इमारतींसाठी नियमावली आणली, तेव्हापासून जुन्या घरांच्या मालकांमध्ये फार भीती आहे, की यादीत नाव आलं म्हणजे खिळासुद्धा ठोकता येणार नाही. काका त्यांना श्रेण्या समजावून सांगत. पहिल्या श्रेणीची वास्तू वेगळी, तिसऱ्या श्रेणीतल्या घरात आतबाहेर बदल करायला साधारणपणे परवानगी मिळते. ते पुनर्विकासाच्या विरोधात होते असं मला वाटत नाही. ज्या चाळीत चाळीस बिऱ्हाडं एका संडासावर आहेत, तिथल्या लोकांना नवं घर मिळायलाच हवं, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. दुरुस्त होऊ शकणारं घर केवळ चटईक्षेत्रासाठी, म्हणजे जास्त बांधकाम करायला मिळावं म्हणून पाडलं की मात्र ते कितीतरी दिवस अस्वस्थ असायचे.

आता तोटे. लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा नाही. जिन्याला कठड्याबरोबर जाड दोरी बांधली तेव्हा सासूबाई उतरू लागल्या. ज्यांच्या घरात गुडघ्यांची तक्रार आहे त्यांनी पहिल्या मजल्याच्या वर घेऊ नये. पाणी ठरल्या वेळेलाच येतं. शेजारचा आवाज लाकडातून सरळ आत येतो. या पागडीच्या जागेवर बँकेने आम्हाला कर्ज दिलं नाही, पैशाची सोय आधी लागते. जमेच्या बाजूला मेट्रो ३ चं गिरगाव स्टेशन आता चालत्या अंतरावर आहे, आणि शेजार. काकांच्या शोकसभेला या वाडीतलं जवळपास प्रत्येक घर आलं होतं. आमच्यासारखी फाइल मिळालेली कुटुंबं ठाकूरद्वारपासून मुगभाटापर्यंत निघाली. त्या सगळ्या फाइली स्कॅन करून एकत्र ठेवायचं त्यांच्या मुलीने मनावर घेतलं आहे, मी मदत करते आहे.

एक विनंती. पुढच्या पावसाआधी कौलं परतायची आहेत आणि दोन झडपांच्या पट्ट्या बदलायच्या आहेत. फाइलीतले सुतार आता कायमचे कोकणात गेले. जुन्या सागवानात काम करणारा सुतार दक्षिण मुंबईत कोणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा.