लातूरच्या उन्हात दोन छतांचं घर, आर्किटेक्टचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा आर्किटेक्ट सगळ्यांना झेपणार नाही. लातुरात थ्रीडी दाखवून समोर काचा ठोकून देणारे ढिगानं आहेत, तसलं पाहिजे असेल तर याच्याकडं जाऊच नका. आम्ही एलिव्हेशनचं, म्हणजे घर समोरून कसं दिसंल त्याचं, विचारलं तर यानं लॅपटॉपवर थेट आफ्रिकेतली शाळा काढली. बुर्किना फासोमधलं गांदो गाव, तिथलाच पोरगा फ्रान्सिस केरे, स्कॉलरशिपवर सुतारकाम शिकायला जर्मनीला गेला, नंतर बर्लिनला आर्किटेक्चर शिकता शिकताच पैसे जमवून २००१ ला गावात शाळा उभी केली, २००४ ला आगा खान पुरस्कार, २०२२ ला आर्किटेक्चरमधलं नोबेल म्हणतात तो प्रित्झकर पुरस्कार, तो मिळवणारा आफ्रिकेतला पहिलाच. अण्णा म्हणाले, आपण घर बांधायला आलोय का भूगोल शिकायला.

पण गंमत त्या शाळेच्या छतात आहे. खाली मातीच्या विटांचं फटी ठेवलेलं छत, त्याच्यावर अंतर सोडून सळईच्या ट्रसवर, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यावर, पत्रा. पत्रा कितीबी तापू द्या, मधनं वारं खेळतं आणि वर्गातली गरम हवा फटीतनं वर निघून जाते. आपल्याकडं पत्रा डोक्याला टेकलेला म्हणून मे महिन्यात भट्टी होते. जुनी माळवदं, म्हणजे लाकडावर मातीचा थर दिलेली छतं, गार असायची खरं, पण ९३ ला किल्लारीच्या भूकंपात त्या मातीच्या ओझ्याखाली आणि दगडी भिंतींखाली माणसं गेली, आईला माळवदाचं नावसुद्धा नको. मग यानं काढलेला मार्ग म्हणजे आरसीसी फ्रेम, स्लॅब, स्लॅबच्या वर दोन-अडीच फूट सोडून पत्रा, आणि स्लॅबला भोकं पाडता येत नाहीत म्हणून भिंतीत अगदी वर झरोके.

फरक पडला का? पडला. रात्री जेवणं झाल्यावर शेजारच्यांचा स्लॅब अजून तापलेला असतो, आमचा कोमट. कूलर लागतोच, खोटं कशाला बोलू, पण मध्यरात्री बंद करता येतो.

साइटवर माणूस कडक. वेल्डरनं अँगलला नुसते टाके मारून ठेवले होते, वळवाच्या वाऱ्यात पत्रा गेला असता, यानं उभं राहून सगळे कापून परत पूर्ण वेल्डिंग करून घेतलं. मात्र मधल्या फटीत पारवे घुसतात हे प्लॅनमध्ये धरलंच नाही, जाळीचा खर्च आमच्या माथी. फोन उचलायच्या बाबतीत तर आनंदच आहे, आणि फी मिस्त्रीच्या हिशोबानं लईच.

पाचपैकी चार स्टार. एक आईनं कापायला लावला, गच्चीवर पत्रा आल्यानं कुरडया वाळवायला आता ऊनच नाही.