पाकळीचा ल मिळाला आणि वर्गणी बंद केली: गिंप आणि क्रिता वर्षभर वापरल्यावर

पोस्टर बनवण्याच्या एका ऑनलाइन ॲपची वर्षाची वर्गणी गेल्या वर्षी शाळा सुरू होतानाच माझ्या खात्यातून परस्पर कापली गेली. नूतनीकरण नको असं आधीच कळवलं होतं, त्याचा मेलही माझ्याकडे होता. कस्टमर केअरकडून दर वेळी तेच ठरीव उत्तर आलं आणि पैसे काही परत मिळाले नाहीत. पण माझा खरा राग त्या पैशांपेक्षा एका अक्षरावर होता. पैसे भरूनही तिथे 'चला शाळेला' लिहिलं की ल दांड्याचा आणि श गाठीचा, म्हणजे हिंदी वळणाचा, यायचा. पहिलीतल्या मुलांकडून पाटीवर पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवून घ्यायचा आणि वर्गाच्या भिंतीवर त्यांना दुसराच आकार दाखवायचा, हे मला पटत नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलासाठी ती दोन वेगळी अक्षरं असतात. ही तक्रारही मी कळवली होती. तिला तर उत्तरच आलं नाही.

म्हणून गिंप आणि क्रिता उतरवून घेतले. दोन्ही संगणकावरचे फुकट मिळणारे प्रोग्रॅम, गिंप चित्रं आणि फोटो जुळवायला, क्रिता चित्रं काढायला आणि हलवायला. माझं काम सांगते. जिल्हा परिषदेची शाळा, प्रवेशोत्सवाची आणि बालसभेची पोस्टरं, शब्दकार्डं आणि वर्गातल्या टीव्हीवर दाखवायला लहान लहान ॲनिमेशन. लॅपटॉप जुना, 4 जीबी रॅमचा, बॅटरी कधीच गेलेली.

आधी गिंप. मी सुरुवात 2.10 या आवृत्तीवर केली आणि पहिले काही आठवडे माझं मत वाईटच होतं. टूलबॉक्समधली चिन्हं बारीक आणि करडी, त्यात एकाखाली एक लपवलेली. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ती मोठी करता येतात आणि गट मोडून सुटीही करता येतात, ते पहिल्याच दिवशी करून टाका. दुसरी कटकट सेव्हची. सेव्ह केलं की फाइल एक्ससीएफच, म्हणजे गिंपच्या स्वतःच्या प्रकारचीच होणार, जेपीजी किंवा पीएनजी हवी तर एक्स्पोर्ट वेगळं. साध्या पोस्टरसाठी हा उपद्व्याप कशाला, असं मला वाटायचं. ते मत मी बदललं आहे. आमच्याकडे कार्यक्रमाची तारीख आदल्या संध्याकाळी बदलते, पाहुणे बदलतात, कधी सरपंचांचं नाव वर घ्यायचं असतं. मूळ एक्ससीएफमध्ये सगळे लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, जागच्या जागी असतात, तेवढी ओळ बदलून पुन्हा एक्स्पोर्ट केलं की झालं. जेपीजीवर पांढरा चौकोन डकवून वर नवं नाव लिहिलेली पोस्टरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तसं करायची वेळ आता येत नाही.

आता ल बद्दल. टेक्स्ट टूल निवडलं की खाली त्याचे पर्याय दिसतात, आकार, रंग, ओळींतलं अंतर वगैरे. तसंच खाली खाली जात राहिलं की अगदी तळाशी लँग्वेज नावाचा एक रकाना आहे. तो बहुधा कोणी बघतही नाही. माझ्याकडे विंडोज इंग्रजीत असल्यामुळे तिथे इंग्रजी होतं. नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये 'चला शाळेला' लिहिलं तेव्हा दोन्ही ल दांड्याचेच आले. रकान्यात मराठी निवडलं आणि माझ्यासमोर दोन्ही ल पाकळीचे झाले, श देठाचा झाला. फॉन्ट तोच, मजकूर तोच. मी एकटीच होते स्टाफरूममध्ये, तरी मोठ्याने हाक मारून शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलावलं. हे आकार फॉन्टच्या आतच ठेवलेले असतात. मजकूर मराठीत आहे असं सॉफ्टवेअरने सांगितलं, तरच फॉन्ट ते बाहेर काढतो. आणि गिंप ते सांगतं. मी पैसे भरत होते त्या ॲपमध्ये ही सोयच नव्हती. प्रत्येक फॉन्टमध्ये मराठी आकार असतातच असं नाही, तेव्हा फॉन्ट निवडताना आधी ल आणि श टाइप करून बघा, मग बाकीचं सौंदर्य. जोडाक्षरांचा त्रास मला कुठेच झाला नाही. 'दुसऱ्या'मधला आडवा र सुद्धा नीट येतो. फॉन्ट मात्र युनिकोडच घ्या. डीटीपीवाल्यांचे जुने फॉन्ट इथे कामाचे नाहीत, आणि गरजही नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात, पोस्टरच्या मथळ्याला बालू फार छान दिसतो.

मार्च 2025 मध्ये गिंपची 3.0 आवृत्ती आली आणि माझी उरलेली मोठी तक्रारही मिटली. आधी अक्षरांना पांढरी कडा द्यायची तर अक्षरांचं सिलेक्शन करा, ते वाढवा, खाली नवा लेयर घ्या, त्यात रंग भरा. एवढं करून मजकुरात एक वेलांटी बदलली की सगळं पुन्हा. आता टेक्स्ट टूलमध्येच कडेचा पर्याय आहे. सावली आणि इतर फिल्टर लेयरवर तसेच राहतात, बंद-चालू करता येतात आणि मजकूर मजकूरच राहतो. ज्यांनी 2.10 बघून गिंप सोडलं होतं त्यांनी ही आवृत्ती जरूर बघावी.

गिंपमध्ये ॲनिमेशनही होतं, पण जेमतेम. प्रत्येक लेयर म्हणजे एक चित्र, लेयरच्या नावात कंसात किती मिलिसेकंद ते लिहायचं आणि जीआयएफ म्हणून एक्स्पोर्ट करताना ॲनिमेशनच्या चौकोनात खूण करायची. लुकलुकणारी पणती, उघडझाप करणारं शब्दकार्ड एवढ्याला ते पुरतं. जीआयएफमध्ये एका चित्रात 256 च रंग बसतात, त्यामुळे फोटोवर ते करू नका, रंग फाटतात.

खऱ्या ॲनिमेशनला क्रिता. तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी मी बी रुजण्याचं ॲनिमेशन केलं. मातीत बी, मग मूळ खाली, मग अंकूर वर, मग दोन पानं. क्रितात खाली टाइमलाइन असते आणि ओनियन स्किनचा दिवा लावला की आधीचं चित्र लालसर, पुढचं हिरवट असं फिकं दिसत राहतं. मूळ किती वाढवायचं ते त्या लालसर रेषेवरून कळतं. वेग सुरुवातीला सेकंदाला 24 चित्रं असा असतो, तो 12 करा. आपल्याला तेवढा पुरतो आणि मेहनत निम्मी होते. एक गोष्ट मात्र नव्या माणसाला हमखास अडवते. टाइमलाइनवर पुढच्या रिकाम्या घरात जाऊन चित्र काढलं तरी बदल आधीच्याच चित्रात होतो, कारण पुढची की-फ्रेम, म्हणजे नवं चित्र सुरू होणारं घर, येईपर्यंत तेच चित्र चालू असतं. त्यासाठी टाइमलाइनवर ऑटो फ्रेमचं बटण आहे. ते चालू ठेवलं की रेघ ओढताक्षणी नवी फ्रेम तयार होते, कोरी किंवा आधीच्याची प्रत, जशी हवी तशी. माउसने काढणाऱ्यांनी ब्रशचं स्टॅबिलायझर चालू करावं, रेषेचा थरकाप बराच थांबतो.

4 जीबीवर क्रिता चालतं का, हे मला सगळेच विचारतात. चालतं, पण कागदाचा आकार तुम्हाला सांभाळावा लागतो. ए4 आकार 300 पीपीआयने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल असा, घेतला तर 2480 बाय 3508 पिक्सेल होतात, म्हणजे एका लेयरच्या एका भरलेल्या चित्राला साधारण 35 एमबी. त्याच्या साठ फ्रेम केल्या तर जुना लॅपटॉप मान टाकणारच. वर्गातल्या टीव्हीला 1280 बाय 720 भरपूर झालं, तिथे हाच हिशोब 4 एमबीच्या आत येतो. शिवाय परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशनची कॅशे, म्हणजे चित्रांचा तात्पुरता साठा, मेमरीऐवजी डिस्कवर ठेवता येते, तेही करा. एवढं केल्यावर माझं बी न अडखळता रुजतं. आमच्याकडे लाइट जाते आणि या लॅपटॉपला बॅटरीचा आधार नाही. क्रिता मधूनमधून आपोआप सेव्ह करतं आणि पुन्हा उघडल्यावर ती फाइल परत आणू का विचारतं. पावसाळ्यात या एका सोयीने माझी किती संध्याकाळची कामं वाचली आहेत. गिंपमध्ये मात्र हात सतत कंट्रोल एसवर ठेवा. शेवटी व्हिडिओ काढायला लागणारं एफएफएमपेग हे साधन क्रिताच्या 5.2 आवृत्तीपासून त्यासोबतच येतं. आधी ते वेगळं शोधून त्याचा पत्ता द्यावा लागायचा आणि तिथेच बरेच जण सोडून द्यायचे.

क्रितातली मला खटकणारी गोष्ट म्हणजे मजकूर. 5.2 मध्ये तो वेगळ्या खिडकीत लिहावा लागतो आणि पोस्टरच्या मापाचं मांडणीकाम तिथे जमत नाही. मी अक्षरं गिंपमध्ये लिहून पारदर्शक पीएनजी काढते आणि क्रितात फाइल लेयर म्हणून जोडते. नंतर गिंपमधून तीच पीएनजी पुन्हा काढली की क्रितातली अक्षरंही बदलतात. पाकळीचा ल दोन्हीकडे शाबूत.

छपाईचं एक सांगायचं राहिलं. आमच्या तालुक्याच्या गावात फ्लेक्सवाले कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमची फाइल मागतात. छपाईच्या चार शायांचा सीएमवायके मोड गिंपमध्ये नाही, क्रितात आहे. मी पीडीएफ देते आणि अक्षरं, रंग नीट आले का ते छोटी प्रत काढून बघते. मजकूर त्यांच्याकडे पुन्हा टाइप करायला कधीच देत नाही, ल लगेच दांड्याचा होऊन येतो.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, गिंप डॉट ऑर्ग आणि क्रिता डॉट ऑर्ग. जाहिरातीतल्या दुव्यांवरून काहीही उतरवू नका. क्रिता मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर विकत दिसतं, पण साइटवरचं फुकट आहे. प्रोग्रॅम तोच, स्टोअरचे पैसे प्रकल्पाला मदत म्हणून जातात. वाचलेल्या वर्गणीतून मी एक साधा पेन टॅबलेट घेतला. पुढच्या जूनमध्ये, जेव्हा जुन्या ॲपची वर्गणी भरायची वेळ आली असती, तेव्हा स्टोअरवरून क्रिता विकत घेणार आहे. माझ्या कामाचे पैसे कुणाला द्यायचेच असतील तर ते यांना.