कंपाउंड टर्बो, बऱ्याच महिन्यांनंतर: टर्बो झकास, रबरी होजने मात्र जीव खाल्ला

टर्बोबद्दल (एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) माझी तक्रार नाही हे आधीच सांगतो. तक्रार आहे ती दोन टर्बोंच्या मधल्या वीतभर सिलिकॉन होजबद्दल (रबरी नळी) आणि त्याच्या क्लॅम्पबद्दल (नळी आवळणारा पट्टा), आणि त्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. ज्याला फक्त पॉवर किती वाढली ते हवंय त्याने दुसरीकडे वाचावं.

दोन टर्बोंचं हे कंपाउंड किट मी पिकअपला लावलं ते ट्रेलर ओढायला, धूर काढून दाखवायला नाही. डिझेल पिकअपचं दुखणं सगळ्यांना माहितीये, मोठा सिंगल टर्बो लावला की वरच्या आरपीएमला हवा भरपूर पण खाली गाडी मेल्यासारखी, लहान लावला तर खालून मस्त उचलते आणि वर गेल्यावर दम लागतो. कंपाउंडमध्ये दोघं एकामागे एक बसवतात. एग्झॉस्ट (इंजिनातून निघणारा गरम वायू) आधी लहान टर्बो फिरवतो आणि तिथून निघून मोठ्याच्या टर्बाइनवर, म्हणजे एग्झॉस्टने फिरणाऱ्या चाकावर, जातो. हवा मात्र उलट्या वाटेने, फिल्टरमधून आधी मोठ्यात, मग लहानात, मग इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा), मग इंजिन. फोर्डच्या 2008 ते 2010 च्या 6.4 लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिनाला तर असा जोड कंपनीतूनच यायचा, म्हणजे हा काही फक्त हौशी लोकांचा उद्योग नाही.

आता इथे लोक दाबाची हमखास बेरीज करतात, एकाचा 1 बार, दुसऱ्याचा 1 बार, झाले 2. नाही हो, गुणाकार होतो, चक्रवाढ व्याजासारखा. समुद्रसपाटीला बाहेरची हवा मुळातच साधारण 1 बारची, मोठ्याने दुप्पट केली की 2, लहानाने त्या 2 ची दुप्पट केली की 4, आणि गेज वातावरणाचा 1 सोडून मोजतो म्हणून काटा 3 वर, यालाच बूस्ट म्हणतात. प्रत्येकाला काम फक्त दुप्पट करायचं. हेच चारपट एकट्या टर्बोकडून करून घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा तो त्याच्या एफिशियन्सीच्या बाहेर जातो आणि हवा दाबण्यापेक्षा तापवतच जास्त बसतो. तशी दोघांनी मिळून दाबलेली हवाही इंटरकूलरच्या आधी 200 अंशांच्या आसपास जातेच, त्यामुळे इंटरकूलरमध्ये काटकसर करू नका, बाकी सगळीकडे करा. आणि हो, व्ही इंजिनांना दोन बाजूंना दोन टर्बो असतात ते पॅरलल, तिथे दोघं हवा वाटून देतात, दाबाचा गुणाकार होत नाही.

पहिले काही आठवडे मला वाटत होतं उगाच पैसे घातले. रिकाम्या गाडीत फरक जाणवतो पण एवढा नाही, शिट्टी मात्र दुप्पट. लोड लावला आणि मत बदललं. पूर्वी लांब चढाला एग्झॉस्टच्या तापमानाचा काटा 700 अंशांकडे सरकला की पाय काढायला लागायचा, गियर खाली टाका, मागच्यांचे हॉर्न ऐका. आता तेवढ्याच लोडला काटा बराच खाली राहतो, कारण डिझेल तेवढंच आणि त्याला जाळायला हवा जास्त. नुसतं एवढ्यासाठी मी किटला पूर्ण मार्क दिले असते.

पण मग होज सुटला. भर चढावर, ट्रेलर मागे, धाडकन आवाज आणि मागे काळा धूर. मी दोन टर्बोंच्या मधेही एक बूस्ट गेज लावलाय (लावाच, खर्च किरकोळ आहे), त्याचा काटा शून्यावर आणि एकूण बूस्ट निम्म्याहून कमी. म्हणजे मोठ्याने दाबलेली हवा बोनेटखालीच उडत होती आणि लहान बिचारा एकटा मरमर करत होता. अशा वेळी रेटून चालवायची नाही, लहान टर्बो ओव्हरस्पीड होतो, म्हणजे झेपेल त्याहून जोरात फिरतो. बसवून घेतला. परत सुटला. काढून बघितलं तर होज आतून तेलाने चोपडलेला, मग क्लॅम्प कितीही आवळा, तेलावर रबर घसरणारच.

ज्या गॅरेजने किट बसवलं त्यांचं म्हणणं, तेल येतंय म्हणजे मोठ्या टर्बोचं सील गेलं, नवीन घ्या. इथे माझं डोकं फिरलं. एक तर टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतंच, पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात आणि त्या तेल थोपवून धरायला नसतात, तेल खाली नीट वाहून गेलं तरच ते आत राहतं. शाफ्ट मी त्यांच्यासमोर हलवून दाखवला, आडवा किंचित हलतो, तो बुश बेअरिंगला हलणारच, पण पुढे-मागे काही हालचाल जाणवली नाही, पंख्याची पाती बाहेरच्या हाउसिंगला कुठे घासलेली नाहीत. मग नवीन कशाला? तरी मालक ऐकेना, नवीन टर्बोचं बिल डोळ्यासमोर दिसत असणार.

शेवटी गाडी खालून बघितली. कंपाउंडमध्ये मोठा टर्बो जागेअभावी बऱ्याचदा खाली बसवतात, म्हणजे इंजिनच्या चेंबरपर्यंत (इंजिनखालची तेलाची टाकी) त्याच्या तेलाला उतारच कमी मिळतो. टर्बोतून तेल बाहेर पडतं ते फेस होऊन आणि परत जातं फक्त स्वतःच्या वजनाने, मागून ढकलायला प्रेशर नसतं, म्हणून रिटर्नचा पाइप फीडच्या, म्हणजे तेल आणणाऱ्या पाइपच्या, कितीतरी पट जाड लागतो आणि जवळपास सरळ खाली जावा लागतो. माझ्या गाडीत तो मधेच झोळीसारखा लोंबत होता आणि वळण घेऊन वर चढत होता! तेल तिथे साठायचं, टर्बोत तुंबायचं, आणि रिंगांमधून कॉम्प्रेसरकडे (टर्बोची हवा दाबणारी बाजू) सरकायचं. पाइप आखूड केला, वळण काढलं, चेंबरवरचं तोंड तेलाच्या पातळीच्या वर आहे ना ते तपासलं. क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनच्या पोटातलं प्रेशर बाहेर सोडणारी वाट) पण साफ केला, आत प्रेशर साठलं तरी हेच होतं. टर्बो तोच आहे, आणि होज कोरडा.

होज मात्र बदलला. साधं सिलिकॉन तेलाने मऊ पडतं, त्याला आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला घ्यायचा, आणि पाइपच्या टोकाला उंचवटा नसेल तर तो बनवून घ्यायचा, गुळगुळीत पाइपवर कुठलाच क्लॅम्प टिकत नाही. एवढं महागडं किट आणि त्यात साधा होज देतात, हे मला अजून पचलेलं नाही.

मायलेजबद्दल: रिकामी गाडी जवळपास तेवढंच देते. लोडवर थोडं सुधारलंय असं वाटतं, पण पाय हलका ठेवला तर, आणि बूस्ट एवढा पटकन येतो की पाय हलका राहत नाही. मायलेजसाठी कोणी लावणार असेल तर लावू नका, पैसे वसूल होणार नाहीत. जास्त बूस्ट म्हणजे हेड गॅस्केटवर (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधली पट्टी) जास्त ताण हेही धरून चाला, मी वेस्टगेट (एग्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) मुद्दाम लवकर उघडेल असाच ठेवलाय.

राहता राहिला क्लॅम्प. त्याचा नट ज्या कोणी इंजिनच्या बाजूला ठेवून बसवला त्याला एकदा स्वतः तो आवळायला लावलं पाहिजे, पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिक काढल्याशिवाय पाना पोचत नव्हता. गरम-थंड होऊन क्लॅम्प सैल पडतो म्हणजे सुरुवातीला परत आवळणं आलंच, आणि दर वेळी मजुरी. मी तो फिरवून नट फेंडरकडे घेतलाय, आता लांब सॉकेटने दोन मिनिटांत होतं. किट बसवून घेताना शेजारी उभं राहून तेवढं करून घ्या, तेव्हा त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.